एकत्र बसणे, एकत्र उठणे

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला 'समाज आणि सभा' हा विषय दिला. विषय ऐकून वाटले, यात सांगण्यासारखे काय आहे? सभा आपल्याला नवीन नाही. सतरंजी कशी अंथरायची, माईकची वायर कुठून ओढायची, प्रतिमेसमोर मेणबत्ती कोणाच्या हस्ते लावायची, हे आपल्या पोरांना कोणी शिकवावे लागत नाही. वर्षाचा हिशेब मांडा. १ जानेवारी, १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, वर्षावासातले ग्रंथवाचन, अशोक विजयादशमी, ६ डिसेंबर. त्याशिवाय ३१ जुलैला धुळ्याजवळच्या लळिंगला जाणे असतेच. १९३७ साली बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले तेव्हा तिथल्या लांडोर बंगल्यावर थांबले होते, म्हणून सगळा खानदेश तिथे लोटतो. खांडबाऱ्यासारख्या ठिकाणाहूनही माणसे रेल्वेने, एसटीने, मिळेल त्या वाहनाने निघतात. जमण्याच्या बाबतीत आपल्या समाजाला कोणी नावे ठेवू शकणार नाही.

पण बंधूंनो, सभा दोन प्रकारच्या असतात. एक ऐकण्याची आणि एक ठरवण्याची. वर सांगितल्या त्या बहुतेक ऐकण्याच्या. वक्ता वर, आपण खाली. भाषण झाले, टाळ्या झाल्या, आभार झाले, खीर घेतली, घरी गेलो. ती सभासुद्धा हवी. तिने मन भरते, लेकरांच्या कानावर चार चांगले शब्द पडतात. मात्र गावाचे पाणी, दिवाबत्ती, घरकुलाची यादी, शाळेची खोली या गोष्टी ठरतात दुसऱ्या सभेत. तिला ग्रामसभा म्हणतात. आणि गावोगावी त्या सभेत आपली माणसे शोधावी लागतात. विचारले तर घरच्या बोलीत उत्तर येते, "आमनं तठे काय काम शे?"

या एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच आज आम्ही उभे आहोत.

आधी थोडे जुने सांगतो. विनयपिटकाच्या महावग्गात उपोसथाची कथा आहे. राजगृहात मगधाचा राजा बिंबिसार याच्या मनात आले की इतर पंथांचे परिव्राजक पंधरवड्याच्या ठरावीक तिथींना एकत्र जमतात, लोक त्यांच्याकडे जातात, त्यांच्याशी जोडले जातात. मग आपल्या भिक्खूंनीही असे का जमू नये? राजाने हे भगवंतांना सांगितले आणि भगवंतांनी ते मान्य केले. भिक्खू जमले. जमले आणि गप्प बसून राहिले! लोक ऐकायला आले होते, ते चिडले. म्हणाले, हे काय, मुक्या डुकरांसारखे बसलेत. ही तक्रार भगवंतांच्या कानावर गेली, तेव्हा त्यांनी सांगितले की जमल्यावर धम्म बोलावा. आम्हाला ही कथा फार आवडते. जमणे आणि बोलणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे अडीच हजार वर्षांपूर्वी लोकांनीच लक्षात आणून दिले. शब्द जरा तिखट वापरले, पण काम झाले.

पुढे संघाने सभेची एक पक्की रीत बसवली. कोणताही विषय आला की एक जाणकार भिक्खू उठून तो संघापुढे मांडी. त्याला ज्ञप्ती म्हणत, म्हणजे आजच्या भाषेत प्रस्तावाची सूचना. मग प्रस्ताव वाचून दाखवायचा. महत्त्वाचा विषय असेल तर तीनदा वाचायचा. प्रत्येक वेळी सांगायचे की ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. तीनदा विचारूनही कोणी बोलले नाही तर संघाला मान्य आहे असे धरायचे. मतभेद मिटलाच नाही तर शलाका, म्हणजे काड्या वाटून मते मोजायची. आजारी भिक्खू सभेला येऊ शकत नसेल तर त्याची संमती दुसऱ्याबरोबर मागवून घ्यायची. कमीत कमी किती माणसे हजर हवीत तेही ठरलेले. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात हेच देशापुढे ठेवले. संसदेची कार्यपद्धती भारताला परकी नाही, बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळे भिक्खुसंघाला ठाऊक होते, असे त्यांनी त्या दिवशी सांगितले.

यातली मौनाची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. संघात मौन म्हणजे संमती. पण ते मौन मोजण्याआधी तीनदा विचारले जाई, सर्वांना समजेल असे वाचले जाई. कित्येक गावांतल्या सभेत काय होते? विषय भराभर वाचला जातो, "मंजूर, मंजूर" असा आवाज होतो, वही फिरते, सह्या होतात. जो हजर आहे आणि गप्प आहे तो संमत. आणि जो घरी आहे तोही संमतच, कारण त्याला विचारणारे कोणी नाही. तुम्ही गेला नाहीत म्हणून ठराव थांबत नाही. तुमचे मौन तुमच्या मागे मोजले जाते.

काही जण म्हणतील, आपण इथे आहोत किती? खरे आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्यात शंभरात सुमारे ६९ माणसे अनुसूचित जमातीची. अनुसूचित जातीची शंभरात तीनच्या आसपास. आपण मूठभर आहोत, दोन गल्ल्यांचे लोक आहोत. यावरही महावग्गातच एक गोष्ट आहे. आपल्या सातपुड्याच्या आणि नर्मदेच्या पलीकडे अवंती देश, म्हणजे आजचा उज्जैनकडचा माळवा. तिथे सोण कुटिकण्ण नावाच्या माणसाला उपसंपदा हवी होती. नियमाप्रमाणे दहा भिक्खू लागत. त्या दूरच्या मुलखात दहा भिक्खू जमवायला तीन वर्षे गेली. पुढे सोण भगवंतांच्या दर्शनाला गेला तेव्हा त्याचे गुरू महाकात्यायन यांनी त्याच्याबरोबर निरोप पाठवला की इकडे भिक्खू थोडे आहेत. भगवंतांनी सीमेवरच्या प्रदेशांसाठी दहाची संख्या पाचवर आणली. अट एकच, त्या पाचांत एक विनय जाणणारा हवा. संख्या कमी म्हणून सभा मोडली नाही. थोड्यांनीच बसावे, पण त्यात एक तरी नियम जाणणारा असावा. खांडबारा हेही सीमेवरचेच गाव. पुढे नवापूरचे स्टेशन तर अर्धे महाराष्ट्रात नि अर्धे गुजरातमध्ये! आपण पाच गेलो तरी चालेल, पण त्यातल्या एकाला कायदा वाचता आला पाहिजे.

आता बाबासाहेब आणि गावपंचायत याबद्दल बोलले पाहिजे, कारण वाचलेली मुले इथे बसली आहेत आणि ती विचारतील. बाबासाहेबांनी ६ ऑक्टोबर १९३२ रोजी मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर कडक टीका केली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीतही गावाचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी झोडपले. मग आज ग्रामसभेला जा म्हणून विहारात सांगायचे, हे कसे? तर बाबासाहेबांचा आक्षेप नीट वाचा. आपला माणूस प्रत्येक गावात थोडा, चावडीच्या बाहेर उभा, आणि मत देताना पोटासाठी पाटलाच्या तोंडाकडे बघणारा. अशा गावाच्या हातात न्याय आणि सत्ता द्यायची म्हणजे त्याला बांधून देणे. राखीव जागांची हमी असल्याशिवाय हे नको, असे ते म्हणत होते. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली तेव्हा राखीव जागा आल्या, महिलांना जागा आल्या, ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. म्हणून बाबासाहेबांचा संशय संपला, असे आम्ही म्हणत नाही. तो संशय सोबत घेऊनच सभेत बसावे. संशय असलेला माणूस चांगले प्रश्न विचारतो.

सभेत निर्णय कसा घेतात हे पाहायचे असेल तर महाड पाहा. आपल्याला महाड म्हटले की २० मार्च १९२७ चे पाणी आठवते. त्या परिषदेसाठी पिण्याचे पाणी चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले होते, ही गोष्ट लेकरांना जरूर सांगा. पण आज आम्हाला डिसेंबरची परिषद सांगायची आहे. सभेला जागा कोणी देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. हजारो माणसे सत्याग्रहाला आली होती. ऐन वेळी तळ्यावर जायला कोर्टाची तात्पुरती मनाई आली. मंडपात काय वातावरण असेल, कल्पना करा. माणसे घरून निरोप घेऊन आलेली, तुरुंगात जायला तयार. अशा वेळी कलेक्टर स्वतः मंडपात आले आणि सत्याग्रह करू नका असे सांगू लागले. लोकांनी त्यांना बोलू दिले, ऐकून घेतले. मग आपल्यात चर्चा झाली. बहुतेकांचे मत होते की आजच जायचे. बाबासाहेबांनी समजावले की आपले भांडण माणसांशी आहे, सरकारला अंगावर घेऊन कोर्टातली बाजू कमकुवत करू नका. सत्याग्रह तहकूब झाला. लोक मिरवणुकीने तळ्याभोवती फिरून शांतपणे परत आले. पुढे तो दावा १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टात आपल्या बाजूने संपला. त्या मंडपात विरोधकाला बोलायला जागा होती आणि रागावलेल्या माणसालाही होती. तासाभराच्या जोशापेक्षा दहा वर्षांचा दावा त्यांनी निवडला.

महिलांच्या बाबतीत २० जुलै १९४२ ची नागपूरची महिला परिषद आठवावी. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, हजारो बायका जमल्या होत्या. त्या नुसत्या भाषण ऐकून गेल्या नाहीत. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला विरोध, कामगार स्त्रियांच्या रजा यांवर त्यांनी ठराव केले. त्यात लिहिता-वाचता येणाऱ्या किती असतील? पण आपल्याला काय हवे ते त्यांना सांगता येत होते.

आता आपल्या शेजाऱ्यांकडे पाहू. आपल्यातल्या काहींना वाटते की सभा, ठराव, चळवळ म्हणजे आपलीच मक्तेदारी, आदिवासी बांधवांना त्यातले काय कळते! हे बोलणे बंद झाले पाहिजे. १९३७-३८ च्या सुमारास तळोद्याकडच्या मोरवडला गुला महाराजांच्या आरतीला हजारो भिल्ल स्त्री-पुरुष जमत होते आणि दारू सोडण्याची शपथ घेत होते. शहाद्याकडे अंबरसिंग महाराज सुरतवंती उभे राहिले, १९७२ मध्ये श्रमिक संघटना झाली, गेलेल्या जमिनींचा प्रश्न सभांमधून पुढे आला. तिथल्या शिबिरांत आदिवासी बायका मारहाणीबद्दल बोलू लागल्या आणि मग गावोगावी जाऊन दारूची मडकी फोडली. हे सगळे आपल्याच जिल्ह्यातले. आणि दूर गडचिरोलीत मेंढा-लेखा गाव पाहा. तिथे देवाजी तोफा आणि गावकरी सभेत सगळ्यांचे एकमत होईपर्यंत बसतात. घाई नाही. सभेच्या आधी अभ्यास गट बसतो, विषय समजून घेतो, बाहेरच्या जाणकाराला बोलावतो, मग सभा. २००९ साली त्या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तो अभ्यासाचा आणि बसण्याचा परिणाम आहे.

आपला नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. इथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ साली आले. इथे सरपंचपद अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे, आणि ते योग्यच आहे. ज्यांच्या जमिनी गेल्या, ज्यांचे जंगल गेले, त्यांच्या हातात गावाची चावी असावी. पण ग्रामसभेचा सदस्य गावचा प्रत्येक मतदार आहे. खुर्ची कोणाचीही असो, सतरंजी सगळ्यांची. पेसाने या सभेला गौण वनोपजाबाबत, दारूबाबत, सावकारीबाबत अधिकार दिले. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट अशा ग्रामपंचायतींना मिळू लागला आणि तो कुठे खर्च करायचा हे ग्रामसभेपुढे यावे लागते. इतकी ताकद आपल्या आजोबांच्या काळात कलेक्टर कचेरीत होती. आता ती शाळेच्या पडवीत, पिंपळाखाली येऊन बसली आहे.

कायद्याच्या दोन-तीन गोष्टी पाठ करून ठेवा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांना ग्रामसभेची प्रथा आहे. नोटीस सात दिवस आधी लागते, तिच्यावर विषय लिहिलेले असतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा व्हावी असे कायदाच सांगतो. सर्वसाधारण गावांत १५ टक्के मतदार किंवा १०० माणसे, यांतली जी संख्या कमी तितकी हजर नसेल तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला मग गणपूर्तीची गरज राहत नाही. याचा अर्थ नीट समजून घ्या. पहिल्या दिवशी लोक आले नाहीत म्हणून सभा मोडते आणि दुसऱ्या वेळी मोजकी माणसे बसून तोच विषय मंजूर करू शकतात. पेसाच्या गावांचे नियम वेगळे आहेत, ते ग्रामसेवकांकडून मागून विहारात एकदा मोठ्याने वाचू या.

आणखी एक उदाहरण खास बायांसाठी. परवान्याचे दारू दुकान बंद करायचे असेल तर २००८ च्या नियमांप्रमाणे २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज करावा लागतो. मग गुप्त मतदान होते, उभी बाटली की आडवी बाटली. पण दुकान बंद व्हायला गावातल्या एकूण नोंदलेल्या महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा गावात ४०० बाया मतदार आहेत. मतदानाला २५० आल्या. त्यातल्या १९० जणींनी आडवी बाटली केली, ६० जणींनी उभी. आपल्याला वाटेल, जिंकलो! नाही. २०१ लागत होत्या. दुकान चालूच राहणार. ज्या दीडशे जणी घरी राहिल्या, मजुरीला गेल्या, ज्यांना कोणी सांगितलेच नाही, त्यांची मते न देताच दुकानाच्या पदरात पडली. मौनाचे आम्ही मघाशी बोललो ते हेच.

वज्जींची गोष्ट तुम्ही सर्वांनी भन्तेजींकडून ऐकली आहे. जोवर ते वारंवार जमतील, एकत्र बसतील, एकत्र उठतील, एकत्र काम करतील, तोवर त्यांची हानी होणार नाही, असे भगवंतांनी महापरिनिब्बान सुत्तात म्हटले. यातले 'एकत्र उठतील' कडे आपले लक्ष जात नाही. सभेत बसतात पुष्कळ जण. विषय क्रमांक तीनपर्यंत निम्मे उठून जातात, कोणाची गाडी असते, कोणाला बाजार करायचा असतो. आणि अवघड विषय नेमका शेवटी येतो. तो शेवटी का ठेवतात, हे तुम्हाला सांगायला नको.

आमच्या काही सूचना आहेत, समितीने त्यांचा विचार करावा. ग्रामसभेची नोटीस लागली की तरुण मुलांनी तिचा मोबाईलवर फोटो काढून आणावा आणि विहाराच्या फळ्यावर विषय मोठ्या अक्षरात लिहावेत. येणाऱ्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास त्यावर बोलणे व्हावे, आणि त्या बैठकीला शेजारच्या पाड्यावरच्या मावची, भिल्ल बांधवांनाही बोलवावे. विहाराच्या दारावर पाटी आपली असली तरी सतरंजीवर जागा आहे. सभेत ठराव सावकाश आणि सगळ्यांना कळेल अशा बोलीत वाचा, असे आपल्यापैकी एकाने नम्रपणे सांगावे. तीनदा वाचा म्हणालात तर लोक हसतील, दोनदा तरी म्हणा. इतिवृत्तावर सही करण्याआधी ते वाचावे, कोऱ्या पानावर कोणीही सही करू नये. भांडण करायला जायचे नाही. एखादा विषय आपल्या गल्लीचा नसेल, पाड्यावरच्या पाण्याचा असेल, तरी बसून राहायचे आणि त्यांच्या बाजूने हात वर करायचा. पुढे आपल्या गल्लीचा विषय येईल तेव्हा हात मोजताना हे कळेल.

समितीत कोण बोलणार यावरून वाद होईल, तो होऊ द्या. एक माणूस बोलणारा, एक लिहिणारा आणि एक कायदा वाचलेला, अशी तीन नावे आजच ठरवली तर बरे. त्यात एक तरी उपासिका असावी आणि ती लिहिण्यासाठीच नको, बोलण्यासाठी असावी. विहाराच्या कपाटात ठराववही आहेच, तिच्या मागच्या पानांवर ग्रामसभेला कोण गेले, कोणता विषय झाला, आपण काय विचारले, काय उत्तर मिळाले, एवढे चार रकाने आखावेत. लिहिणाऱ्याने अक्षर जरा बरे काढावे, ती वही पुढच्या वर्धापनदिनी इथेच वाचायची आहे.

माईकवाले केव्हाचे घड्याळ दाखवत आहेत आणि बाहेर भोजनाची पंगत बसायची आहे. नावे द्यायची असतील त्यांनी जेवणाआधी सचिवांकडे द्यावीत, जेवणानंतर कोणी थांबत नाही हा अनुभव आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!